मोठ्या बाईंची काळी चिठ्ठी

थोरल्याचं वागणं मोठ्या बाईंच्या डोळ्यांत कधीचं सलत होतं. सुनेला खाली बसायला सवड नाही, आईला पाठ टेकायला सवड नाही, आणि हा मात्र सवडीनं शिकतोय. काय, तर एव्हिएशन मॅनेजमेंटचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट. घरबसल्या, कॉम्प्युटरवर, ज्यानं त्यानं आपापल्या गतीनं. हा नियम ज्यानं केला त्यानं थोरल्याची गती पाहिलेली नसावी. आंघोळीला गेला की घरातलं कुणीतरी दाराबाहेर उभं राहून त्याची खुशाली विचारायचं, असा हा माणूस. त्याला म्हणे, बाबा, तुझ्या गतीनं कर.

थोरला विमानतळावर बॅगांच्या पट्ट्यापाशी कामाला होता. कुणाची बॅग फाटली, कुणाची भलत्याच गावी गेली, की शिव्या खायला तो. वरच्या ड्युटी मॅनेजरची खुर्ची रिकामी झाली होती आणि साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं की सर्टिफिकेट आण, खुर्ची तुझी. नाहीतर तुझ्या हाताखालचा पोरगा बसेल तिच्यात. बाईंनी हे ऐकलं त्याच दिवशी संध्याकाळी गल्लीभर सांगून टाकलं की आमचा थोरला मॅनेजर झाला. शेजारच्या शिंप्यानं तर जन्मात विमानात बसायचं नसताना खिडकीची जागा मागून घेतली होती. म्हणजे आता थोरला नापास झाला तर नाक कुणाचं कापलं जाणार? बाईंचं. थोरल्याला नाक आहे हे गल्लीला अजून ठाऊक नव्हतं.

तर या सवडीलाही एक शेवट होता. अभ्यासक्रम रविवारी बंद होणार हे थोरल्याला शनिवारी कळलं. एक शेवटचं काम राहिलं होतं: विमानाला अपघात झाला असं समजून लोकांना बाहेर काढायचं, जखमींची वर्गवारी करायची, नातेवाइकांना सांभाळायचं, आणि या सगळ्याचं एका दमात, कुठेही न तोडता चित्रण करून पाठवायचं. एखाद्यानं मध्येच सोंग टाकलं की सगळं बाद. पुन्हा संधी नाही.

बाईंना त्यातलं एवढंच कळलं की पोराला माणसं हवी आहेत. त्यांनी हुकूम सोडला आणि रविवारी सकाळी दिवाणखान्याचं विमान झालं. खुर्च्या दोन रांगांत लागल्या. ओट्याच्या पायऱ्यांवर गादी टाकून घसरगुंडी केली. सूनबाई कपाळाला रक्ताऐवजी लाल रंग फासून हवाईसुंदरी झाली. तोंड गेले कित्येक महिने हसलेलं नव्हतं, तेवढीच काय ती अडचण. मोबाइल झाडूला बांधून झाडू कुंडीत रोवला. थोरल्याच्या गळ्यात शिटी आणि हातात रंगीत चिठ्ठ्या.

या चिठ्ठ्यांवरूनच पुढचं रामायण झालं.

थोरल्यानं समजावून सांगितलं की जो माणूस आपल्या पायांनी चालू शकतो त्याच्या गळ्यात हिरवी, ज्याला थोडं थांबवलं तरी चालेल त्याला पिवळी, आणि ज्याला सगळ्यात आधी बघायचं त्याला लाल. मग त्यानं हिरवी चिठ्ठी आईच्या गळ्यात घालायला हात पुढे केला.

बाई मागे सरकल्या. "हिरवी? मला?"

आई, तुला काही लागलेलं नाही असं धरायचं आहे, थोरला म्हणाला. बाईंनी विचारलं की तुझ्या वडिलांना कुठली. त्यांना लाल, तो म्हणाला. बाईंचे यजमान तेव्हा खुर्चीत पट्टा बांधून घेत होते. गेली कित्येक वर्षं त्यांनी एवढ्या उत्साहानं काही बांधून घेतलेलं नव्हतं.

म्हणजे या घरात त्यांना आधी बघायचं आणि मला चालत पाठवायचं. हे घर मी चालवलं, हे विमान माझ्या दिवाणखान्यात उभं आहे, माझी गादी त्याला लावलीय, आणि मला ती चिठ्ठी जी कुणालाही मिळते. बाईंनी एवढंच विचारलं, की लालच्या वर काय आहे. बाईंची शाळा सहीपुरती झाली होती, पण वर काय आणि खाली काय हे त्यांना कुणी शिकवावं लागत नसे.

थोरला घड्याळाकडे बघत होता. घाईत म्हणाला, "काळी आहे. पण एकच आहे."

"मग ती आण."

"आई, काळीचा अर्थ..."

"एकच आहे ना? मग ती माझी."

काळी म्हणजे ज्याच्यासाठी आता काही करण्यासारखं उरलेलं नाही असा माणूस, हे त्यांना अंगणात चटईवर आडवं केल्यावर समजलं. तोवर शिटी वाजली होती आणि झाडूवरचा मोबाइल सुरू झाला होता. आता हलायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर मी नापास, असं थोरला कानाशी कुजबुजला आणि त्यानं आईच्या तोंडावरून चादर ओढली. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना कुणी गप्प बस म्हटलं होतं, आणि त्या बसल्याही. म्हणजे पडल्या. पोराच्या खुर्चीचा प्रश्न होता.

चादर पातळ होती, त्यामुळे दिसतही होतं. लाल चिठ्ठीवाल्या यजमानांना सूनबाईनं घसरगुंडीवरून अलगद उतरवलं, सावलीतल्या खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली आणि हातात सरबत दिलं. यजमान कण्हत सरबत पीत होते. काळ्या चिठ्ठीला मात्र ऊन.

इतक्यात कुंपणापलीकडून शिंपी डोकावला. त्याला दिसली ती कपाळाला लाल रंग फासलेली सूनबाई, खुर्चीत कण्हणारे यजमान, आणि चादरीखाली मोठ्या बाई, हालचाल नाही आणि आवाज नाही. नुसती हालचाल नसती तर त्यानं एकवेळ दुर्लक्ष केलं असतं. पण बाईंचा आवाज नाही म्हटल्यावर त्याला शंकाच उरली नाही. तो तसाच पळाला आणि मागच्या गल्लीतल्या धाकट्या जावेला घेऊन आला.

जावेचं आणि बाईंचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते दोघींनाही सांगता आलं नसतं. पण बंद आहे हे दोघी नेमानं सगळ्यांना सांगायच्या. जाऊ फाटकातून आत शिरली ती हंबरडा फोडूनच.

आता इथे कुठल्याही आईच्या पोटच्या पोरानं काय केलं असतं? दोन शब्द सांगितले असते की काकू, सोंग आहे, गप्प रहा. पण थोरल्याच्या पुस्तकात नातेवाइकांना सांभाळण्याला वेगळे गुण होते, आणि इथे तर खराखुरा नातेवाईक रडत चालून आला होता. त्याचा चेहरा उजळला. तो पुढे झाला, हात जोडले, आणि कुठल्याशा धड्यातल्या मऊ आवाजात म्हणाला, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खात्रीशीर माहिती मिळताच आपल्याला कळवलं जाईल."

"अरे, कसली माहिती? ती समोर पडलीय!"

"कृपया नातेवाइकांच्या कक्षात बसावं," थोरला म्हणाला आणि त्यानं काकूला पिंपाशेजारी बसवलं.

जाऊ बसली आणि बोलू लागली. सुरुवात चांगली होती. बाईंसारखी बाई होणं नाही, एकटीनं एवढं घर ओढलं, माणसाला खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. चादरीखाली बाईंना थोडं बरं वाटलं. हे जिवंतपणी म्हणाली असती तर बोलणं कधीच सुरू झालं असतं. पण दुःख ओसरत जातं तसा माणूस मोकळा होत जातो. जाऊ शिंप्याला म्हणाली की बाकी जिभेला हाड नव्हतं हं. शिंपी म्हणाला की गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण ब्लाउज इतक्या वेळा उसवून परत आणणारं गिऱ्हाईक त्यानं दुसरं पाहिलं नाही. आता रात्री झोप तरी लागेल. मग जावेनं हळूच आठवण करून दिली की कपाटाच्या किल्ल्या बाईंच्या कमरेला असतात, तेवढ्या कुणीतरी वेळेत काढून घ्या.

बाईंनी दात आवळले. पोराची खुर्ची, पोराची खुर्ची, असं त्या मनात घोकत राहिल्या.

शिंपी यजमानांजवळ गेला आणि दुःखानं म्हणाला, "कसं वाटतंय तुम्हाला?"

यजमानांनी सरबताचा घोट घेतला. ते लाल चिठ्ठीत होते की संसारात, देव जाणे. म्हणाले, "शांत वाटतंय."

चादर थरथरली. पण बाईंनी तेही गिळलं. नवऱ्याकडे नंतर बघता येणार होतं. तो कुठे पळून जाणार.

शेवटी थोरला मोबाइलसमोर उभा राहिला. कामाचा समारोप त्याला स्वतः बोलून करायचा होता. छाती पुढे काढून तो म्हणाला, "एक व्यक्ती दगावली आहे. व्यक्ती वयस्कर होती. तिच्या जाण्यानं इथल्या कामकाजावर काहीही परिणाम होणार नाही. थोड्याच वेळात सर्व व्यवहार पूर्ववत सुरू होतील."

काहीही परिणाम होणार नाही.

चादर उडाली. मोठ्या बाई उठून बसल्या, काळी चिठ्ठी गळ्यात, केस सुटलेले, आणि म्हणाल्या, "परिणाम होणार नाही काय रे?"

जावेनं एकदा पाहिलं आणि पिंपाशेजारी आडवी झाली. हे सोंग नव्हतं. थोरल्यानं चिठ्ठ्या चाळायला घेतल्या. बेशुद्ध पडलेल्या नातेवाइकाला कुठला रंग, हे त्याला आठवेना. सूनबाई जागच्या जागी उभी. शिंपी कुंपणावर अर्धा अलीकडे, अर्धा पलीकडे लटकलेला. यजमान सरबत सांभाळत होते.

"चिठ्ठ्या काय बघतोस, पाणी आण," बाई कडाडल्या. सूनबाईला सांगितलं की पाय वर धर. यजमानांना खुर्चीतून उठवलं आणि तिथे जावेला बसवलं, उशीसकट. शिंप्याला खाली उतरवून डॉक्टरकडे पिटाळलं. जावेनं डोळे उघडले, समोर बाई दिसल्या, पुन्हा मिटले. बाईंनी तिच्या तोंडावर दुसरा तांब्या मारला आणि उरलेलं सरबत तिला पाजलं. इतक्या वर्षांचं बंद बोलणं अशा रीतीनं सुरू झालं, पहिलं वाक्य होतं, "किल्ल्या हव्यात का गं?"

झाडूवरचा मोबाइल हे सगळं टिपत होता. दुसरं चित्रण करायला वेळ नव्हता आणि माणसंही उरली नव्हती. थोरल्यानं रडत रडत तेच पाठवलं. मग तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाईंनी त्याला जेवायला हाक मारली नाही, पण ताट झाकून ठेवलं. गल्लीत त्यांनी सांगितलं की निकाल यायचा आहे आणि कुणी विचारायला येऊ नये. तरी बाहेर फाटक वाजलं की हातातलं टाकून त्याच आधी दारात जायच्या.

निकाल आला तेव्हा थोरला उड्या मारत स्वयंपाकघरात शिरला. पास. बाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि कांदा चिरत नसतानाही म्हणाल्या की कांदा फार झोंबतो आजकाल. मग सुनेला म्हणाल्या, की काय लिहिलंय ते सगळं वाच. सगळं नको, थोरला म्हणाला. म्हणून सूनबाईनं सगळं वाचलं, आणि फार दिवसांनी हसत वाचलं.

परीक्षकानं लिहिलं होतं की नातेवाइकांचा आक्रोश अत्यंत खरा वाटला. गोंधळाच्या क्षणी सूत्रं हाती घेऊन केलेली हाताळणी वाखाणण्याजोगी होती. मात्र ती सूत्रं उमेदवाराकडे नसून मृत व्यक्तीकडे असल्यामुळे त्याचे गुण उमेदवाराला देता येत नाहीत. मृत व्यक्ती उठून बसली तरी गळ्यातली चिठ्ठी तिनं काढली नाही, म्हणून सोंग टाकलं असं धरलेलं नाही. तो काठावर उत्तीर्ण आहे.

यजमानांना पुन्हा शांत वाटायला लागलं असावं, पण ते बोलले नाहीत. बाईंनी थोरल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बस जाऊन त्या खुर्चीत," त्या म्हणाल्या. "पण साहेबाला आधीच सांगून ठेव, की तुझी आई मेलेली असतानासुद्धा तुझ्यापेक्षा बरं विमानतळ चालवते."