शेवटच्या भागाचे शेषरावजी

शेषरावजी कोणतीही मालिका शेवटच्या भागापासून पाहायला घेतात. सोळा भागांची कोरियन मालिका असली की मोबाइलवर थेट सोळावा भाग लावतात, ओट्यावर मांडी घालतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात आणि एकाच माणसाला शोधत बसतात : खलनायकाला. नायक-नायिकेचं जुळलं की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. "त्यायचं होतेच लगन. दुसरं काम काय हाय त्यायले?" असं म्हणत ते बोटानं चित्र पुढे सरकवतात. खलनायकाचा शेवट मनासारखा झाला असेल, तरच पहिला भाग लावायचा. नाहीतर मालिका खारीज.

किन्हीराजात माझ्या पोस्टासमोरच त्यांचं घर. मी इथला पोस्टमास्तर, त्यामुळे दिवसभर माझी खिडकी आणि त्यांचा ओटा समोरासमोर. ते कोर्टात शिपाई होते. कोणत्या तालुक्याच्या, ते सांगत नाहीत. म्हणून मीही सांगत नाही. निवृत्त होऊन नऊ-दहा वर्षं झाली, पण अजून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातल्याशिवाय ते ओट्यावर येत नाहीत. सगळा गाव त्यांना काकाजी म्हणतो.

हा नाद त्यांना माझ्या मुलीनं लावला. ती वाशीमला कॉलेजात असते. एका दिवाळीच्या सुट्टीत तिनं काकाजींच्या मोबाइलमध्ये हिंदीतून बोलणाऱ्या कोरियन मालिका घालून दिल्या. पहिले दोन महिने काकाजींची समजूत अशी, की कोरियात हिंदीच बोलतात. "अन् साफ बोलतेत पोस्टमास्तर. आपल्यापेक्षा बरी हिंदी हाय त्यायची."

पात्रांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली आहेत. कपाळावर केस आलेला प्रत्येक नायक म्हणजे झिपऱ्या. श्रीमंत घरची, पाण्याचा ग्लास तोंडावर फेकणारी बाई म्हणजे गोरी सासू. आणि चाकाच्या खुर्चीतून कंपनी चालवणारा म्हातारा म्हणजे चेअरमन. चेअरमनवर त्यांचा पहिल्यापासून संशय. "हा बसेल हाय खुर्चीत, पन पाय धडधाकट हाय याचे. पाहजा तुमी."

दुपारी चारला गल्लीतल्या तीन-चार बायका तूर निवडायला त्यांच्या ओट्यावर येतात. तूर नावाला. खरं काम निकाल ऐकण्याचं. काकाजी त्यांना शेवट सांगतात आणि मग त्यावर वाद होतो. विरुद्ध बाजूला कायम मंदाबाई, त्यांची शेजारीण. तिचं मन मेणाचं. कसाही खलनायक असो, शेवटी दोन थेंब गाळले की ती त्याच्या बाजूची.

"काकाजी, त्याची माय त्याले लहानपनीच सोडून गेलती हो. म्हनून तो तसा झाला."

"माही माय बी गेली मी सहा वर्षाचा असताना," काकाजी म्हणाले. "मी कोनाले गच्चीवरून ढकललं काय?"

यावर मंदाबाई पुन्हा तूर निवडायला लागली, कारण किन्हीराजात काकाजींनी कोणाला ढकलल्याचं खरंच कोणी ऐकलं नव्हतं.

खलनायकाला शेवटी काय व्हावं, याबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. ट्रक त्यांना मंजूर नाही. कोरियन मालिकांत कोणीही रस्ता ओलांडायला लागलं की कुठून तरी एक पांढरा ट्रक येतोच. खलनायक त्याखाली गेला की बायका 'बरं झालं' म्हणतात, काकाजी उखडतात. "हा न्याय होय काय? हा अपघात होय. त्या ड्रायवरच्या मांगं कोर्टकचेरी लागली, त्याचं कोन पाह्यते?" एकदा तर त्या ड्रायव्हरचं पुढं काय झालं, या काळजीत त्यांना जेवण गेलं नाही.

खलनायकाला परदेशी पाठवला तर ते हसतात. "अमेरिकेले धाडला म्हने! ही शिक्षा? आपल्या इकडं त्याच्यासाठी नवस बोलतेत." तुरुंगात टाकला तरी समाधान नाही, कारण तुरुंगात त्याचा भांग मोडत नाही. आणि एका मालिकेत खलनायकाची स्मृतीच गेली. तो बागेत बसून फुलपाखरं बघत हसत होता. मंदाबाईला वाटलं, देवानं चांगली अद्दल घडवली. काकाजी दोन दिवस अस्वस्थ. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले. मी टपालाच्या थैलीला सील लावत होतो.

"पोस्टमास्तर, ज्याले आठोतच नाही, त्याले शिक्षा कायची? शिक्षा तर झिपऱ्याले झाली. त्याले सगळं आठोते."

मी थैली खाली ठेवली.

पण त्यांचा खरा राग आहे तो शेवटच्या दहा मिनिटांत सुधारणाऱ्यांवर. पंधरा भाग माणसानं आगी लावायच्या, कागद बदलायचे, लेकरं पळवायची. आणि सोळाव्या भागात नायिकेवर येणारा चाकू स्वतःच्या पोटात घेऊन पावसात मरायचं. मागे पियानो वाजणार. आमच्या घरी असा एक शेवट पाहताना माझी बायको रडली. काकाजी हातातला चहा तसाच ठेवून उठले. "वहिनी, तुमी त्याच्यासाठी रडता? पंधरा भाग तुमी कुठं होत्या?" त्यानंतर तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी तिनं शेवयांची खीर पाठवली तेव्हा समेट झाला, तोही अटीवर : पुन्हा रडायचं नाही.

मग त्यांना पसंत काय? एकच शेवट. खलनायक आपल्या पायानं पत्रकारांसमोर येतो. समोर कॅमेरे लखलखतात. तो कमरेत वाकतो आणि म्हणतो : हे मी केलं, त्या माणसाचा काही दोष नव्हता. एवढं दृश्य आलं की काकाजी मोबाइल डोळ्यांजवळ नेतात. ते मागे घेऊन पुन्हा पाहतात, पुन्हा मागे घेतात. एकदा तर किती वेळा ते मी मोजलं नाही, पण टपाल वाटून परत आलो तरी तो खलनायक वाकतच होता.

"पुढं त्याले फाशी देतेत का सोडतेत?" मी विचारलं.

"मले काय करायचं? सोडून द्या ना. बोलला ना तो, चार लोकांत!"

त्या दिवशी ओट्यावर कोणी नव्हतं. गल्लीतल्या बायका सोयाबीन काढायला शेतात गेल्या होत्या. काकाजींनी मोबाइल उलटा ठेवला आणि मी न विचारता सांगायला लागले.

त्यांच्या कोर्टात एक बाबू होता, कागदपत्रं सांभाळणारा. बावीस वर्षांपूर्वी एका दाव्यातलं मूळ खरेदीखत गहाळ झालं. बाबू साहेबांना म्हणाला, मी ते शेषरावच्या हातात दिलं होतं. काकाजींनी तो कागद पाहिलासुद्धा नव्हता. पण शिपायाच्या शब्दाला वजन किती? ते निलंबित झाले. आठ महिने घरी. त्या आठ महिन्यांत त्यांची बायको शांताबाई नळावर पाण्याला गेली की मागून कोणी तरी हळूच म्हणायचं, 'फायलीवाल्याची आली.' पुढं चौकशी झाली आणि संशयाचा फायदा देऊन त्यांना कामावर घेतलं.

"संशयाचा फायदा," काकाजी म्हणाले. "म्हंजे सुटलो. पन साफ नाही झालो. निवृत्तीच्या दिवशी हार घातला साहेबानं, तवा बी मले वाटे, हा मनात म्हनत असन, यानंच केलतं. शांता तर त्याच्या आधीच गेली. ती मले कधीच नाही म्हनली, खरं सांगा म्हनून. इचारलं बी नाही. पन नळावर जानं बंद केलं होतं तिनं. शेवटची पाच वर्षं मीच पानी भरलं."

मी म्हणालो, "तो बाबू कुठे असतो आता?"

"आसेगावले. लेकाकडं. असू द्या."

आणि महिन्याभरात आसेगावहून फोन आला. बाबूच्या सुनेचा. सासऱ्यांना झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. "काकाजी, ते तुमचं नाव घेतेत. म्हंजे घेता येत नाही, पन शे, शे करतेत अन् दाराकडं पाहतेत. माह्या सासूबाईचं नाव शेवंता होतं, म्हनून आमाले आधी वाटलं तिचं घेतेत. तिचा फोटो दाखवला तर मानेनं नाही म्हनले. मंग त्यायच्या फोनच्या वहीतली नावं वाचली, तुमच्या नावाले होय म्हनले."

काकाजी माझ्याकडे आले. "रविवारी गाडी काढता का?"

रविवारी सकाळी नऊला ते माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. शर्ट नेहमीचा, पण आज खिशाला पेनही होतं. लोकांनी रस्त्यावरच सोयाबीन वाळत घातलं होतं, म्हणून मी गाडी हळू चालवत होतो आणि माझ्या पाठीमागे भाषणाची तालीम चालली होती.

"बाबू, तू मले आठ महिने नाही, बावीस वर्षं चोर म्हनून जगवलं... बरं हाय काय हे?"

"चांगलं आहे."

"पन 'तू' म्हनू का 'तुमी'? हुद्द्यानं तो मोठा होता."

"तुमच्या मनाला येईल ते."

"मनाले तर 'तू'च येते. तूच म्हनतो." पुढे दोन गावं त्यांनी 'तू' घालून भाषण म्हणून पाहिलं. अर्धं वाऱ्यानं नेलं. मधेच त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, रस्त्याकडेला उभं राहून शर्ट नीट खोचला आणि म्हणाले, "तो रडला, तर मी पाघळाचं नाही. तुमी ध्यान ठेवजा."

बाबूचं घर गावाच्या टोकाला होतं. समोरच्या खोलीत खाटेवर बाबू. मी मनात एक लठ्ठ, जाड मिशीचा माणूस रंगवला होता. हा तर एवढासा. बंडी अंगात लोंबत होती, ओठाचा एक कोपरा खाली ओघळलेला. काकाजींना पाहताच त्याच्या घशातून आवाज निघाला : "शे... शे..." आणि डोळे वाहायला लागले.

काकाजी दारातच ताठ उभे राहिले. "रडू नका," ते म्हणाले.

'तू' तिथंच गळालं.

"मी रडनं पाहाले नाही आलो. मले एकच इचारायचं हाय. तुमाले बोलता येत नाही, तर मान हलवा. तो कागद माह्या हातात दिला होता काय?"

बाबूनं मान हलवली. नाही.

"थांबा." काकाजी स्वयंपाकघराकडे वळले. "सूनबाई, जरा बाहेर या. दोन साक्षीदार लागतेत. एक हे पोस्टमास्तर, एक तुमी."

ती बिचारी पिठाच्या हातानं येऊन उभी राहिली. काकाजींनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, शब्द न शब्द तोच. बाबूनं पुन्हा मान हलवली. मग कोणी सांगितलं नसताना त्यानं डावा हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर दोनदा आपटला. तो तेवढ्यानंच दमला.

मी काकाजींच्या भाषणाची वाट पाहत होतो. ते आलंच नाही. काकाजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर कुठं तरी मळणी यंत्राची घरघर चालली होती. तिकडेच पाहत म्हणाले, "शांता ऐकाले पाह्यजे होती."

बाबूनं डावा हात त्यांच्याकडे लांब केला. तो हात बघून काकाजींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नखं पाह्यली काय याची?" ते मला म्हणाले. मग सुनेला, "काहून वाढू देली एवढी?"

ती ओशाळली. "मी काढाले गेली का हात वढून घेतेत हो काकाजी. लेकाले बी हात लावू देत नाहीत."

"नेलकटर आना."

ते खाटेच्या कडेवर बसले. बाबूचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, शर्टाच्या पांढऱ्या टोकानं एकेक बोट पुसलं आणि नखं काढायला लागले. बाबूनं हात ओढला नाही.

"हालू नका. रक्त निघालं तर लोक म्हनतीन, शेषरावनं बदला घेतला."

बाबूच्या ओठाचा चांगला कोपरा वर गेला. घशातून काही तरी निघालं. ते हसूच असावं. काकाजींनी वर पाहिलं नाही. अंगठ्याचं नख जाड होतं, ते त्यांनी तीन वेळा फिरवून फिरवून कापलं. मग खाटेला वळसा घालून मेलेला उजवा हात घेतला आणि त्याचीही पाच बोटं तेवढ्याच निगुतीनं उरकली. सूनबाई पिठाचे हात तसेच धरून पाहत होती.

परत येताना किन्हीराजाची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोस्टमास्तर, पुढच्या रविवारी मोकळे हा काय?"

"आहे ना. का हो?"

"पायाची राह्यली."