आठवा तुकडा

युसूफचाचांच्या घरी पिझ्झ्याचे तुकडे आठ होतात, पण खायला सातच मिळतात. आठवा, हल्ली तर कोपऱ्यातला, कडेला चीज कुरकुरीत झालेला, थाळ्यात तसाच राहतो. मी खादाड माणूस, त्यामुळे हे माझ्या पहिल्याच शनिवारी लक्षात आलं.

चाचा मूळचे दाभोळचे. सत्तावीस वर्षं जेद्दा बंदरात स्टोअरकीपर. चाची गावी, मुलगा सलीम अमेरिकेत इंजिनिअर आणि चाचा इथं जेद्दात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे. अमेरिका त्यांनी नकाशातच पाहिली आहे. पण तिथल्या कुठल्या शहरात पिझ्झा कसा करतात, यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

"न्यूयॉर्कचा घडी घालून खायचा. शिकागोचा काट्यानं. उलटं केलंस की खलास."

सुरुवात न्यूयॉर्कपासून झाली. दोन वर्षं तोच. मग एकदम शिकागो, कुकरच्या डब्यात भाजलेला, चार बोटं जाड. मग न्यू हेवन. तो काळा पडला होता. मी "करपलाय" म्हणालो, तर चाचा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठून म्हणाले, "करपलेला नाय तो. तिकडं तसाच भाजतात."

हल्ली डेट्रॉइट चालू आहे. चौकोनी, चीज पार कडेपर्यंत, सॉस सगळ्यात वर. तिथं म्हणे पूर्वी मोटारीच्या कारखान्यातले लोखंडी ट्रे वापरायचे. चाचांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून तसलाच एक कोरा ट्रे मिळवला. मी बीफ खात नाही, म्हणून माझ्या बाजूला गावाहून आलेले सुक्या कोळंबीचे सोडे घालतात. डेट्रॉइटच्या लोकांना हे कळता कामा नये, एवढीच त्यांची अट.

वार आणि वेळही ठरलेली. शनिवार, संध्याकाळी सात. इथली मोठी सुट्टी शुक्रवारची, मग शुक्रवारी का नाही, असं विचारलं तर, "शनिवार बरा."

एरवी सलीमला फोन मी गेल्यावर व्हायचा; परवाच्या शनिवारी मात्र चाचा मी असतानाच फोन आणायला आत गेले आणि मला राहवलं नाही. आठवा तुकडा मी तोंडात टाकला. चाचा बाहेर आले ते व्हिडिओ कॉल लावूनच. "सलीम, हा बघ तुझा..." म्हणत त्यांनी फोन थाळ्याकडे वळवला. थाळा रिकामा होता.

चाचा चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते माझ्या फुगलेल्या गालाकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आमच्यात सगळे एका थाळ्यात जेवतात," ते हळूच म्हणाले. "जो घरात नाय, त्याचा वाटा त्याच्या बाजूला ठेवायचा. पोरगा ज्या शहरात जातो, तिथलं मी शिकून घेतो. शनिवारी दोघांनाही सुट्टी. तो तिकडं दुपारचा जेवतो, मी इकडं संध्याकाळचा."

फोनमधून सलीम म्हणाला, "अब्बा, तुम्हाला फोनवर फक्त माझं तोंड दिसतं. आज ताट बघा."

त्यानं फोन खाली केला. पिझ्झा नव्हताच. भात होता, बांगड्याचं लाल कालवण होतं. आणि ताटाच्या पलीकडच्या कडेला, हात न लावलेली, मधली चांगली तुकडी.

"ही तुमची. दर शनिवारी असते," तो म्हणाला.

चाचांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "कोकम घातलंस ना?"