पुलाचे वीस टक्के

अनिश्चिततेवर माणसाने मिळवलेला सर्वांत मोठा विजय म्हणजे गणित. सलाइनच्या बाटल्या पुरवणाऱ्या एका कंपनीत हा विजय चालू असतानाच विजेत्याच्या मेहुण्याचा फोन आला.

विजेत्याला ऑफिसात सगळे 'मॉडेलवाले' म्हणत. कंपनीची दोन गोदामं होती, नदीच्या अलीकडे एक, पलीकडे एक. त्यातलं कुठलं बंद करायचं, हे त्यांनी संगणकावर मांडलेल्या गणिताने, म्हणजे मॉडेलने, सांगायचं होतं. मॉडेल म्हणालं, पलीकडचं. पलीकडच्या गोदामावर बायकोचा थोरला भाऊ होता.

"दाजी, माझं गोदाम बंद करताय म्हणे."

"मी नाही. मॉडेल."

"मग त्याला एकदा घरी बोलवा. मी बोलतो त्याच्याशी."

बायको काहीच बोलली नाही. ती तीन दिवस काहीच बोलली नाही.

मॉडेलमध्ये 'पूल बंद पडण्याची शक्यता' असा एक रकाना होता. तिथे दोन टक्के होते, मॉडेलवाल्यांनी वीस केले. शक्यतेचा जाब कोण विचारतो? मॉडेलने तत्काळ मत बदललं : दोन्ही गोदामं ठेवा, अर्धा माल पलीकडे.

साहेबांनी अहवालातलं एकच वाक्य वाचलं.

"पुलाचे वीस टक्के पडणार?"

"नाही साहेब. पूल बंद पडण्याची शक्यता वीस टक्के."

"तेच म्हणतोय मी. कुठल्या बाजूचे?"

"बाजू नसते, साहेब. समजा, असे शंभर पूल आहेत..."

"आपला एकच आहे. पाचवा हिस्सा गेल्यावर ट्रक काय उडत जाणार?"

"म्हणूनच अर्धा माल..."

"अर्धवट कामं मला चालत नाहीत. सगळा पलीकडे हलवा. आजच."

आकडा फुगवलाय, हे सांगायची हीच वेळ होती. मॉडेलवाले म्हणाले, "बरं."

दुपारी कंपनीचे झाडून सगळे ट्रक गळ्यापर्यंत भरून निघाले आणि पुलावरच खोळंबले, कारण पलीकडे एवढा माल उतरवून घ्यायला माणसंच नव्हती. पुलाच्या इंजिनियरने ती रांग पाहिली. ट्रक कसेबसे पार झाल्यावर त्याने तपासणी होईपर्यंत जड वाहनांना पूल बंद करून टाकला.

दोन दिवसांनी साहेब स्वतः टेबलापाशी आले. "मानलं बुवा तुम्हाला."

"साहेब, अलीकडच्या दवाखान्यांत सलाइन संपत आलंय. एकाने ऑपरेशनं पुढे ढकललीत."

"छोटे टेम्पो सोडतात ना? त्यातून मागवा."

टेम्पो धावू लागले. साहेब ते खिडकीतून पाहत राहिले, आणि त्यांच्या डोक्यात आयुष्यातलं पहिलं मॉडेल तयार झालं.

"सगळं पलीकडूनच भागतंय की. मग हे रिकामं गोदाम कशाला पोसायचं?"

"साहेब, माझा विभाग याच गोदामाच्या माळ्यावर बसतो."

"तुमचं काम झालं ना पण. पूल बंद पडेल म्हणालात, पडला. आता राहिलंय काय?"

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. "दाजी, साहेबांनी मला माणसं वाढवून दिलीत. येता का? बाटल्या मोजायला भरवशाचा माणूस हवाय."

"दादा एवढं म्हणतोय तर जा ना," बायको म्हणाली. आता ती बोलत होती.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. पुलाला काहीही झालं नव्हतं.