वाट कुणाच्या वाडीतून

श्रेयाने विचारलं तेव्हा जयवंतराव गॅलरीत आरसा टांगून दाढी करत होते.

"बाबा, घाटातून आपल्या गावात उतरणारी जुनी वाट आहे ना, ती नदी ओलांडल्यावर कुठून वळते?"

प्रश्न एवढाच होता. पण बायको शेवंती गेल्यापासून मुलीने त्यांना विचारलेला हा पहिलाच धड प्रश्न होता. एरवी दोघांचं बोलणं म्हणजे दूध आलं का, गॅस बंद केला का, आणि मी जेवून आलेय. चिंचपोकळीच्या त्या दोन खोल्यांत बोलायची ती शेवंतीच. बापाला काही हवं असलं तर तो तिला सांगायचा, मुलीला हवं असलं तरी तिलाच. ती गेली आणि मागे उरलेल्या दोघांना एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. त्यामुळे तो प्रश्न ऐकून जयवंतरावांना इतका आनंद झाला की हनुवटीला ब्लेड लागलं.

श्रेयाने अलीकडे एक सायकल घेतली होती. जाड टायरची, डांबरी रस्त्यावरही पळणारी आणि खडी-मातीतही न अडणारी. ऑफिसातल्या तिघांना घेऊन तिने एक बेत आखला होता. कोल्हापूरच्या बाजूने घाटमाथ्यावर जायचं, तिथून जुन्या पायवाटेने दरीत उतरायचं, वाटेतली जुनी गावं, दगडी देवळं, बारवा बघत शेवटी कोंडसुऱ्यात, म्हणजे आपल्याच गावात मुक्काम करायचा. सगळी वाट तिने मोबाइलवर लावली होती. फक्त नदीपासून गावापर्यंतचा तुकडा तिथे दिसत नव्हता.

"तुम्ही लहानपणी त्याच वाटेने यायचात ना?" तिने विचारलं.

आता खरं सांगायचं तर जयवंतराव त्या वाटेने एकदाच गेले होते, तेही बापाच्या खांद्यावर, झोपेत. त्यानंतर आयुष्यभर शिमग्याला आणि गणपतीला गेले ते बसच्या खिडकीपाशी बसून, डांबरी रस्त्याने. पण श्रेया लहान असताना तिला झोपवायला त्यांनी त्या वाटेच्या इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या की त्यात वाघसुद्धा दोन-तीनदा आडवा आला होता. तेव्हा माहीत नाही म्हणायची सोय नव्हती. "बघून सांगतो," ते म्हणाले आणि तोंड पुसून घेतलं.

गावच्या कुणाही एका म्हाताऱ्याला गाठून त्यांनी हे गुपचूप विचारलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण जयवंतराव कोंडसुरे ग्रामस्थ मंडळ, मुंबई, या संस्थेचे चिटणीस होते. गावात आज माणसांपेक्षा कुलुपं जास्त आहेत, पण गावचं देऊळ कधी रंगवायचं, विहिरीचा गाळ कधी काढायचा, हे सगळं लालबागच्या एका चाळीतल्या गावकीच्या खोलीत ठरतं. जयवंतरावांनी प्रश्न मंडळाच्या मीटिंगमध्ये काढला. शिवाय मुलीचं थोडं कौतुक व्हावं अशी बापाची इच्छा होतीच.

कौतुक झालं. मग चंदू उठला. चंदू देऊळवाडीचा, एका छापखान्यातून रिटायर झालेला. तो म्हणाला की यात विचारायचं काय, वाट देवळाच्या मागून येते, आधी देऊळ मग गाव. त्यावर वरच्या वाडीचा हितेंद्र हसला. लग्नाकार्यात जेवणाची ऑर्डर घेणारा हा माणूस एरवी कुणाला दुखवत नाही. पण वाट वरच्या वाडीतूनच येते, घाटावरचा माणूस पहिलं पाणी आमच्या दारात प्यायचा, असं त्याने ठासून सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष आतापर्यंत अध्यक्ष म्हणून गप्प होते, ते आता खालच्या वाडीचे झाले.

बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काही दिसणार नाही. पण कोंडसुऱ्यात शिमग्याची पालखी आधी कुणाच्या दारात जाते यावरून एकदा देवालाच देवळात बसवून ठेवलं होतं. वाट म्हणजे मान, आणि मान म्हटला की सायकल काय आणि पालखी काय, एकच.

"अरे, पण तुमच्यापैकी कोण त्या वाटेने चाललाय का?" जयवंतरावांनी शेवटी विचारलं.

सगळेच बसने जाणारे होते. मग चंदू म्हणाला, "चाललो नाय म्हणून काय झालं? म्हायती आहे."

ठरलं असं की राधाबाईंना विचारायचं. गावातली मुंबईत असलेली सगळ्यात जुनी बाई ती. परळला मुलाकडे असते, ऐकायला कमी येतं. तिन्ही वाड्यांचे प्रतिनिधी केळी घेऊन तिच्या खाटेभोवती बसले. जयवंतरावांनी प्रश्न मोठ्याने, सावकाश विचारला.

"माका काय म्हाइत?" ती म्हणाली. "एकदाच चाललंय त्या वाटेन. लगीन झाला नि घोवाबरोबर मुंबैक इलंय तेवा. रडत होतंय. वाट कोण बघता?"

खरं तर तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण जिन्यातच हितेंद्र म्हणाला की रडू आलं ते चढणीवर, म्हणजे वरच्या वाडीतच. आणि जिन्यातच पुन्हा सुरू झालं.

त्यानंतर जयवंतरावांची एकही संध्याकाळ घरी गेली नाही. वाट समिती नेमली गेली. रोज कुणी ना कुणी रुसायचा आणि त्याच्या घरी चहाला जाऊन त्याची समजूत घालावी लागायची. एकदा श्रेया काहीतरी सांगत होती की शुक्रवारपासून तीन दिवस मी नाही, तेव्हा त्यांच्या कानाला फोन होता आणि फोनवर चंदू राजीनामा देत होता. "हो हो," जयवंतराव हात हलवून म्हणाले. ते श्रेयाला म्हणाले की चंदूला, हे त्यांनाही नंतर आठवलं नाही.

शेवटी तोड निघाली. वाट नदी ओलांडून आधी वरच्या वाडीत चढेल, तिथून देवळामागे येईल, पुन्हा नदीत उतरेल आणि खालच्या वाडीतून गावात शिरेल. सगळ्यांचा मान राहिला. नदी एकदा जास्तीची ओलांडावी लागत होती, पण त्याला कुणाची हरकत नव्हती. नकाशावर तिन्ही वाड्यांनी सह्या केल्या आणि जयवंतराव तो घेऊन मुलं दहावी पास झाल्यावर येतात तसे घरी आले.

श्रेया गॅलरीत सायकल पुसत होती. चाकांना तांबडी माती होती.

"झालं नक्की," जयवंतराव म्हणाले. "कधी निघताय?"

"बाबा, मी जाऊन आले. गेल्या आठवड्यात."

जयवंतराव दारातच थांबले.

"सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणालात."

ती पुढे काहीतरी सांगणार होती. फडकं हातात धरून ती थांबलीही होती. प्रवास कसा झाला, घर कसं आहे, पडवी पडली का, वाट होती का तरी, असं काहीही त्या वेळी विचारायला हवं होतं. जयवंतरावांच्या तोंडून निघालं ते असं:

"आता मंडळाला काय सांगू?"

"काहीही सांगा," श्रेया म्हणाली आणि पुन्हा सायकल पुसू लागली. त्या रात्री दोघं जेवली ती टीव्हीकडे बघत.

मंडळाने मात्र बातमी चांगली घेतली. सगळे म्हणाले, पोर गेली ना, मग सत्कार करू. परळच्या एका शाळेचा हॉल घेतला, फ्लेक्स लावला. त्यात श्रेयाच्या फोटोपेक्षा पदाधिकाऱ्यांचे फोटो मोठे होते. तिन्ही वाड्या झाडून आल्या. मनात सगळ्यांच्या एकच होतं. आता पोर स्वतः स्टेजवरून सांगेल की ती कुठून आली, आणि सोक्षमोक्ष लागेल. चंदूने आधीच सांगून ठेवलं होतं की वरच्या वाडीचं नाव निघालं तर देऊळवाडी मंडळातून बाहेर पडेल. हितेंद्र काही बोलला नव्हता, पण नाश्ता त्याचा होता आणि तो अजून उघडला नव्हता. मंडळ फुटलं तर ते आपल्या घरातून फुटणार, हे जयवंतरावांना दिसत होतं. पण खरी भीती त्याची नव्हती. पोर खरं बोलेल आणि म्हणेल की मी विचारलं होतं आणि माझ्या बापाने मला काहीच सांगितलं नाही, याची होती.

भाषणं झाली. शाल, श्रीफळ झालं. अध्यक्ष माइक पुढे करून म्हणाले, "बाळा, आता सांग. गावात कुठच्या वाटेने उतरलीस?"

श्रेयाने समोर बघितलं, मग पहिल्या रांगेत बापाकडे. जयवंतरावांनी मान खाली घातली.

"बाबांनी सांगितली होती त्याच वाटेने," ती म्हणाली. "अगदी सरळ गेले. कुठे चुकले नाही."

टाळ्या पडल्या त्या तिन्ही वाड्यांच्या पडल्या. वरच्या वाडीला वाटलं जयवंताने आपली वाट सांगितली, देऊळवाडीला वाटलं आपली. चंदूने तर येऊन मिठी मारली आणि कानात म्हणाला, "शेवटी आमचंच ऐकलंस ना?" जयवंतराव हो म्हणाले. हितेंद्रलाही हो म्हणाले, अध्यक्षांनाही. नाश्ता उघडला गेला. जयवंतरावांनी बटाटावडा तसाच बशीत ठेवला. लोकांना बापाचं कौतुक वाटत होतं आणि बापाला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

हॉल रिकामा झाल्यावर दोघं जिना उतरू लागली. श्रेया पुढे, खांद्यावर शाल तशीच. खालच्या वळणावर दिवा नव्हता. तिथे जयवंतराव कठड्याला धरून थांबले. मागेपुढे कुणी नाही असं बघून हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

"श्रेया, मी काय सांगितलं होतं गं तुला?"

ती वळली. त्यांच्या हातातला नारळ तिने काढून घेतला.

"घरी चला," ती म्हणाली. "सांगते."