मेबलला मात्र सोडायचं

कंपनीच्या वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांनो, जे झालं ते तुमचं पाप आहे. गाड्या खपत नाहीत हे डेट्रॉइटातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं, ते तुम्हाला कळायला दोन हजार आठचा जुलै उजाडला. आणि कळल्यावर इलाज काय काढलात? ब्रेकची ड्रॉइंग्ज सोडून आयुष्यात दुसरं काही न केलेल्या मोरेश्वरला महिनाभर सक्तीच्या सुट्टीवर घरी बसवलंत. वर ई-मेल पाठवलीत, ‘एन्जॉय द समर!’ अरे, कामाचा माणूस घरी बसवायचा, तर तो घरी बसून काय करील याचा तरी विचार करायचा होता!

मोरेश्वरने काय केलं? लॉन कापलं. मग कापलेलं लॉन पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा मशीन बाहेर काढलं तेव्हा शेजारचा वॉल्टर कुंपणाशी आला.

“मो, गवताने तुझं काय वाकडं केलंय?”

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या त्या वस्तीत मोरेश्वर सहा वर्षं राहत होता आणि सहा वर्षांत शेजाऱ्यांशी हात हलवण्यापलीकडे संबंध आला नव्हता. कारखान्यातून रिटायर झालेला, बायको गेलेला हा थोराड म्हातारा त्या दिवशी त्याला घरामागच्या तळ्यावर घेऊन गेला. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी दोरीच्या टोकाला कशी बांधायची, काठी मागे नेऊन दोरी हवेत कशी उलगडायची आणि ती माशी पाण्यावर अलगद कशी टेकवायची, हे त्याने दाखवलं. मोरेश्वरची माशी पहिल्यांदा झाडावर टेकली, दुसऱ्यांदा वॉल्टरच्या टोपीवर. म्हातारा हसला, टोपीतून गळ काढला आणि म्हणाला, “पुन्हा.” परदेशात आल्यापासून मोरेश्वरला कुणी ‘पुन्हा’ म्हटलं नव्हतं. सगळे ‘नो प्रॉब्लेम’ म्हणून स्वतःच करून टाकत.

आठवडाभरात त्याला सनफिश लागू लागले. तळहाताएवढे, नारिंगी पोटाचे, अंगापेक्षा रुबाब मोठा. मग वॉल्टर मुलीकडे ओहायोला निघाला. जाताना त्याने आपली छोटी कयाक मोरेश्वरच्या स्वाधीन केली. पाय लांब करून बसायची ती अरुंद होडी. शिंकायचं म्हटलं तरी आधी तोल बघावा लागे.

“काय हवं ते पकड, खायचं तर खा,” तो म्हणाला. “त्या पडलेल्या ओंडक्याखाली अर्ध्या शेपटीची एक मोठी आहे, मेबल. माझ्या बायकोने, डोरोथीने, नाव ठेवलंय. शेवटच्या उन्हाळ्यात ती इथे खुर्ची टाकून बसायची, मी मेबलला पकडून तिला दाखवायचो आणि सोडायचो. मेबलला मात्र सोडायचं. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” मोरेश्वर म्हणाला. त्याने ते मनापासून दिलं होतं, हीच तर बोंब आहे.

घरी सुमित्राबाई होत्या, मोरेश्वरच्या आई, सहा महिन्यांसाठी रेवदंड्याहून आलेल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसे आणि त्या खिडकीतून त्यांनी वॉल्टरचा पुरता निकाल लावला होता.

“म्हातारा रोज जातो नि रोज हात हलवत परत येतो. बायको नाही, मासा नाही. जगतो कसा रे तो?”

“आई, तो पकडतो आणि सोडून देतो.”

“सोडून देतो? का, मासा नापास होतो?”

“गंमत असते ती.”

“गंमत! आणि मी इथं फ्रीजरमधलं पापलेट चघळतेय. पुठ्ठा बरा त्यापेक्षा. श्रावण लागायच्या आत एकदा ताजं खायला घाल बाबा, मग बस सोडत.”

तेव्हा वॉल्टर परतायच्या दिवशी मोरेश्वर सकाळीच कयाक घेऊन निघाला. पाच-सहा सनफिश झटपट लागले. मग ओंडक्याजवळ दोरीला असा हिसका बसला की कयाक जागच्या जागी गरकन फिरली. काठी धनुष्यासारखी वाकली, अर्धं तळं मांडीवर आलं. शेवटी पाण्यातून वर आली ती अर्ध्या शेपटीची, दोन तळहातांएवढी मेबल.

तिथेच सोडायची होती. बोटं उघडायची होती, एवढंच काम होतं. पण पुराव्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानायचं नाही, ही ऑफिसची सवय. मेबल सापडली आणि आपण तिला सोडलं, याचा फोटो वॉल्टरला दाखवायचा होता. त्याने मेबलला पाण्याने भरलेल्या वेगळ्या बादलीत ठेवलं, बाकीचे मासे आईला दिले, बादली मागच्या दाराशी ठेवली आणि कॅमेरा आणायला वर पळाला.

कॅमेऱ्याची बॅटरी मेलेली होती. चार्जर कुठे, म्हणून त्याने बायकोला, कादंबरीला हाक मारली. कादंबरी शनिवारची धुणी घेऊन तळघरात होती. “माझ्या बॅगेत बघ,” ती ओरडली. “कुठल्या बॅगेत?” “अरे ऑफिसच्या!” ती बॅग गाडीत होती. गाडीची किल्ली कुठे, यावर आणखी थोडी ओरडाओरड झाली.

चार्ज केलेला कॅमेरा घेऊन मोरेश्वर खाली आला तेव्हा बादली पालथी होती आणि घरभर खमंग वास सुटला होता.

“आई! बादलीतला मासा?”

“पहिल्या घाण्यातच गेला. रवा काय छान धरला म्हणून सांगू!”

“अगं, तो वेगळा ठेवला होता ना मी!”

“म्हणून तर! सगळ्यात मोठा वेगळा काढलास, म्हणजे पाहुण्यासाठी, एवढं कळतं मला. तो म्हातारा आलाय, आत्ताच गाडी लागली. त्याची होडी परत द्यायची ना? रिकामं भांडं परत देऊ नये.”

“आई, ती होडी आहे!”

“भांडंच की. पाण्यावर ठेवतात एवढंच. कादंबरीला सांगितलं, डबा तिच्यात ठेव नि दे ढकलून त्याच्या अंगणात.”

मोरेश्वर अनवाणी धावला. वॉल्टर ओट्यावर बसला होता, मांडीवर डबा. पुढ्यात कयाक, बाजूला हात बांधून कौतुकाने बघणारी कादंबरी.

“वॉल्टर, थांब!”

“उशीर झाला, मो,” तोंड भरलेलं ठेवूनच वॉल्टर म्हणाला. त्याच्या बोटांत एक मोठा लांब काटा होता, स्वच्छ चाटलेला. “सगळ्यात मोठा आधी संपवला. डोरोथी गेल्यापासून कुणी गरम वाढलं नव्हतं रे.”

त्याचे डोळे भरले होते. तिखटाने की कशाने, कळायला मार्ग नव्हता.

“काय झालं?” कादंबरीने विचारलं. “असा काय धावत आलास?”

“काही नाही,” मोरेश्वर म्हणाला. “काटे असतात, सांभाळून खा म्हणायला आलो.”

सांगायची वेळ तीच होती, ती गेली. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणून तो गेला, तर वॉल्टरने आईसाठी टोमॅटो काढून ठेवले होते. टोमॅटो हातात घेऊन असलं काही सांगता येत नाही. मग तो जाईनासाच झाला. खिडकीतून मात्र दिसे. वॉल्टर कयाक ओंडक्याशी नेई, माशी टेकवी, वाट बघे. पुन्हा टेकवी.

“बघ, आजही रिकामा,” सुमित्राबाई हळहळत. “काही येत नाही बिचाऱ्याला. तू तरी शिकव.”

त्या संध्याकाळी वॉल्टर दाराशी आला. सुमित्राबाईंनी लगबगीने खुर्ची ओढली. तो बसला नाही.

“मो, त्या डब्यातल्या मोठ्या माशाची शेपटी अर्धी होती. मला वाटलं, तव्यात मोडली.”

“काय म्हणतोय?” सुमित्राबाईंनी उत्साहाने विचारलं. “अजून हवेत का त्याला?”

“आई, गप्प बस जरा. वॉल्टर, तळताना कधीकधी शेपट्या...”

“तळण्याचं नको सांगूस.” म्हाताऱ्याचा आवाज वर चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “माझ्याकडे बघ, मो, आणि सरळ उत्तर दे. मी कुणाला खाल्लं?”