प्रति इंच दर

चिंचखार ग्रामपंचायतीच्या मालकीचा पाण्याचा टँकर जमिनीपासून नेमका किती उंच असावा, हे ठरवण्यासाठी दिनांक ६ फेब्रुवारी २०१२ रोजी विशेष ग्रामसभा भरली. गणपूर्ती झाली. पंचायतीत लिपिक म्हणून लागल्यापासून चौदा वर्षांत मी ती पहिल्यांदाच पाहिली. इतिवृत्ताच्या वहीत सह्यांना जागा पुरेना, म्हणून शेवटच्या नऊ सह्या मी पुठ्ठ्यावर घेतल्या.

प्रश्न साधा होता. टँकर वेशीजवळच्या टाकीवर भरायचा आणि सव्वा किलोमीटर खाली, खाडीकडच्या आळीत न्यायचा. खालच्या आळीतल्या विहिरींचे पाणी खारे, त्यामुळे तिथली तेरा घरे टँकरवर अवलंबून. वाटेत अकरा गतिरोधक. चौथ्यावर टँकरचे पोट घासायचे, मागे खालच्या अंगाला असलेला पाणी सोडायचा व्हॉल्व्ह सैल व्हायचा आणि तिथून जी गळती लागायची ती आठव्यापर्यंत टँकर रिकामा करून थांबायची. आळीच्या शेवटच्या घरी भामाबाई दोन पिंपे आणि चार हंडे मांडून बसलेली असायची. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. तिच्या दारापर्यंत टँकर यायचा, पाणी यायचे नाही, आणि मग ती डोक्यावर हंडा घेऊन वेशीपर्यंत चालत जायची. आमच्या नोंदवहीत ‘टँकर पोहोचला’ असा रकाना आहे. पाण्याचा वेगळा रकाना नाही, त्यामुळे कागदोपत्री तीन वर्षे सगळे सुरळीत होते.

एवढे गतिरोधक का, हे बाहेरच्यांना सांगायला हवे. जमिनी प्रकल्पात गेल्या, मोबदल्याचे पैसे आले, घरटी दोन मोटारसायकली आल्या, आणि २००८ साली त्यांतल्या एकीखाली काशीरामशेठची कोंबडी गेली. शेठनी स्वखर्चाने दारासमोर सिमेंटचा गतिरोधक बांधला आणि बांधतोच आहोत तर म्हणून त्यात संगमरवरी पाटी बसवली : ‘कै. पोशा नामा यांच्या स्मरणार्थ’. पोशा नामा म्हणजे शेठचे वडील. ते हयातीत कुठेही घाईने गेले नव्हते, त्यामुळे स्मारक सगळ्यांना समर्पक वाटले. पुढच्याच महिन्यात समोरच्या दमयंतीबाईंनी सासऱ्यांच्या नावाने वेशीच्या बाजूला एक बांधला, दोन इंच जास्त उंच, तेव्हा शेठनी आपला आणखी चढवला. तेव्हापासून कोणाचा बाप किती इंचांचा, हे आमच्या गावात रस्त्यावर मोजता येऊ लागले.

सभेत टँकरचा ड्रायव्हर बुधाजी उभा राहिला. त्याला सभाशास्त्र कळत नाही.

“मी सांगतंय ते आयका,” तो म्हणाला. “चौथा आन पाचवा, दोनच तीन-तीन इंच तासा. झाला काम. टँकर हाय तसा जाईल.”

चौथा काशीरामशेठचा. ते सावकाश उठले.

“बुधाजी, तुझा बाप जिता हाय, म्हनून तू बोलतंस. माझ्या बापाच्या छातीवर तुमी पहार घालनार काय?”

बुधाजी खाली बसला. पाचवा कोणाचा, हा मुद्दा निघाला तेव्हा मी इतिवृत्त लिहिण्यात गुंतलो होतो, त्यामुळे त्याची नोंद झाली नाही. ठराव मात्र मी शब्दशः उतरवला : ‘गतिरोधक ही भावनिक बाब असल्याने व टँकर ही यांत्रिक बाब असल्याने, यांत्रिक बाब उचलण्यात यावी.’ एकमताने मंजूर. भामाबाई दाराशी बसली होती. तिने हात वर केला होता तो काही विचारण्यासाठी, पण मोजणीत तो बाजूने धरला गेला.

उचलण्याची कल्पना सरपंच मितेश यांची. त्यांनी मोबाइलवर परदेशातल्या गाड्या दाखवल्या. चाके माणसाच्या छातीएवढी, आणि गाडीखालून कुत्रे मान न वाकवता जात होते. “याला लिफ्ट किट म्हणतात,” सरपंच म्हणाले. लगेच तीन जणांची उंची समिती नेमली गेली : अध्यक्ष सरपंच, सदस्य काशीरामशेठ, सचिव मी. नियमाप्रमाणे तीन कोटेशन मागवायची होती.

पहिले कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवरच्या बाळू मिस्त्रीचे. तो टँकरखाली सरपटत गेला आणि तिथूनच बोलला. “स्प्रिंगचे पाटे थकलेत. नवे घालतो, वर दोन-दोन पाटे वाढवतो, खाली ठोकळे, यू-बोल्ट लांब. चार इंच उचलेल. चव्वेचाळीस हजार. संध्याकाळी गाडी घेऊन जा.” मग बाहेर येऊन हात पुसत त्याने विचारले, “पण साहेब, एवढ्यासाठी खर्च कशाला? रस्त्यातला तो उंचवटाच उडवा की.” समितीने नोंद घेतली की निविदाकाराने विषयबाह्य सूचना केली, कोटेशन कॅलेंडरच्या पानामागे दिले, आणि काम एका दिवसात संपवण्याची तयारी दाखवल्याने प्रगती अहवालाला वाव ठेवला नाही.

दुसरे तळोज्याच्या एका फॅब्रिकेटरचे. त्याचे म्हणणे, पाट्यांना हात लावायचा नाही, चॅसिसवर लोखंडी चॅनेल टाकून नुसती टाकी वर घ्यायची. आठ इंच, शहाण्णव हजार. काशीरामशेठना ते पटले नाही. “गाडी खाली न टाकी वर,” ते म्हणाले, “हे म्हंजे बसल्या मानसाला टोपी उंच घातल्यासारखा.”

तिसरे आर्यनचे. पनवेलमध्ये त्याचे वातानुकूलित दुकान होते, काचेच्या टेबलावर स्प्रिंगा मांडल्या होत्या आणि गेल्या गेल्या कॉफी आली.

“सर, आमचं किट वाळवंटासाठी डिझाइन केलेलं आहे. फुल ऑफ-रोड,” आर्यन म्हणाला.

“आमच्याकडे रस्ता आहे,” मी म्हणालो. “अडचण रस्त्यामुळेच आहे.”

“मग तो ऑफ-रोडच झाला ना, सर. वापर काय, बीच?”

“पाणी वाहायचं आहे. पिण्याचं.”

“नाइस,” आर्यन म्हणाला. त्याचे किट चौदा इंचांचे होते, एक लाख चाळीस हजारांना, फिटिंगसह.

आता तुलनात्मक तक्ता करणे आले, आणि तक्ता हा माझा प्रांत. चव्वेचाळीस, शहाण्णव आणि एकशे चाळीस हजार या आकड्यांकडे कोणी अडाण्याने पाहिले असते तर त्याने बाळू मिस्त्रीला काम दिले असते. मी तक्त्यात एक रकाना वाढवला : प्रति इंच दर. मिस्त्री अकरा हजार, तळोजा बारा हजार, आर्यन दहा हजार. सर्वांत स्वस्त आर्यन. सरपंचांनी तक्ता दोनदा वाचला आणि मला म्हणाले, “तुम्ही इथे कुजताय.” खोटे कशाला सांगू, मला भरून आले. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात मला असे कोणी म्हटले नव्हते.

तीन आठवड्यांनी टँकर आला. बुधाजीला चढायला स्टूल लागू लागले, पण गाडी दिसायला देखणी झाली होती. नारळ फुटला. टँकर अकराही गतिरोधकांवरून पोट न टेकवता गेला, आणि त्या दिवशी तीन वर्षांत प्रथमच भामाबाईची दोन्ही पिंपे भरली. ती पिंपात कोपरापर्यंत हात घालून बराच वेळ तशीच उभी राहिली. मला त्या दिवशी मनापासून बरे वाटले. मी तिच्या पिंपाशेजारी उभा राहून फोटोही काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज आला. खाली चौथ्या ते आठव्या गतिरोधकादरम्यानच्या बावीस कुटुंबांच्या सह्या. ते स्वतःला गळतीधारक म्हणवत होते. तीन वर्षे टँकरचे गळके पाणी दारात भरण्याचा त्यांचा प्रघात होता, त्यावर त्यांची धुणी, अंगण आणि कुंड्या चालत होत्या. पंचायतीने कोणतीही पूर्वसूचना न देता गळती बंद केली, ती पूर्ववत करावी, अशी मागणी होती. समितीपुढे पेच पडला. गळती मंजूर करायला अंदाजपत्रकात शीर्ष नाही. ‘स्मारक दुरुस्ती’ असे शीर्ष मात्र आहे. म्हणून गतिरोधक उंच करण्यास मान्यता देण्यात आली.

चौथा वीस इंचांचा झाला. मग पाचवा मागे कसा राहणार? मोटारसायकली दोघे जण उचलून पलीकडे ठेवू लागले, आणि दमयंतीबाईंनी आपल्या गतिरोधकाला दोन्हीकडून पायऱ्या काढून घेतल्या. टँकर पुन्हा घासू लागला. पुन्हा आर्यन. या वेळी घाऊक इंच असल्याने प्रति इंच दर साडेनऊ हजारांवर आला, आणि मी बचतीची स्वतंत्र टिप्पणी लिहिली. सोबत आर्यनने एक पत्र जोडले होते : एवढ्या उंचीवर टाकी पूर्ण भरल्यास वाहन कलंडण्याचा संभव असल्याने ती अर्धीच भरावी. तिसऱ्या खेपेच्या पत्रात पाव आली. चौथ्या खेपेला, पावसाळ्याच्या तोंडावर, त्याने स्पष्टच कळवले की वाहन आता अत्यंत सक्षम झाले असून सुरक्षिततेच्या दृष्टीने ते रिकामे चालवावे.

रिकाम्या टँकरची चाचणी सर्वांसमक्ष झाली. अकरा गतिरोधक, एकही ओरखडा नाही. टँकर भामाबाईच्या दारात उभा राहिला तेव्हा व्हॉल्व्ह तिच्या डोक्याच्या वर हातभर होता. बुधाजीने रीत म्हणून तो फिरवला. चमचाभर गंज पडला.

“बुधाजी, पानी कवा येल?” तिने वर बघत विचारले.

“काकी, गाडी आली ना.”

“गाडी मी पिऊ?”

बुधाजीने व्हॉल्व्ह बंद केला. मी नोंदवहीत ‘टँकर पोहोचला’ लिहिले आणि सही केली. अक्षर नेहमीसारखे आले नाही, एवढे कबूल करतो.

दोन दिवसांनी भामाबाई पंचायतीत आली. सव्वा किलोमीटर, ते गुडघे, आणि वाटेत अकरा चढ-उतार. मी तिला पंख्याखाली बसवले आणि पाण्याच्या तक्रारीचे फॉर्म संपल्याचे सांगितले.

“पानी नको मना,” ती म्हणाली. “गतिरोधक पायजे. माझे मालकांच्या नावाचा. कैलासवासी जोमा धर्मा.”

“अहो काकी, तुमच्या घरापुढे रस्ता संपतो. पुढे खाडी. गतिरोधक कोणाला अडवणार?”

“भरतीला.”

“आणि उंची किती हवी?”

“कितीबी घाल, बाला. पन सिमेंटाचा पायजे. डांबराचा नको.”

गतिरोधकाला आमच्याकडे तीन कोटेशन लागत नाहीत, कारण ती भावनिक बाब आहे. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. अंदाजपत्रक मी केले, नेहमीचे छापील : सिमेंट, रेती, खडी, पाटी, आणि शेवटची ओळ ‘पाणी मारणे : एकवीस दिवस, दररोज दोन पिंपे. पाणी गोडेच असावे. खारे पाणी वापरल्यास देयक अदा होणार नाही.’ ही ओळ मी आजवर अकराही गतिरोधकांच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांत लिहिली होती. एकदाही वाचली नव्हती.

काम झाले. दुसऱ्या दिवसापासून ठेकेदाराचा तीनचाकी टेम्पो रोज सकाळी दोन पिंपे गोडे पाणी घेऊन खालच्या आळीत जाऊ लागला. टेम्पो अरुंद, त्यामुळे तो गतिरोधकांच्या कडेने, गटाराला लागून निघून जायचा. चौथ्या दिवशी मी पाहणीला गेलो. भामाबाईने एक तांब्या पाणी गतिरोधकावर हळूहळू, पूजेसारखे ओतले, आणि उरलेली दोन पिंपे घरात ओढून घेतली. मी काही विचारायच्या आत तीच बोलली.

“सिमेंटाला गोडा पानी लागतं, असा तुमच्याच कागदात हाय ना? माझे नातीनं वाचून दावला. मानसाला लागतं, असा कागद पन शोधला आमी. नाय गावला.”

मी परत येऊन सरपंचांना सुचवले की पिण्याचे पाणीही याच टेम्पोने पाठवता येईल. ते विचारात पडले. “टेम्पो जमिनीला फार चिकटून चालतो हो,” ते म्हणाले. “गावाची शोभा आहे काही. त्याला किट बसेल का, आर्यनला विचारून ठेवा.”

बाविसाव्या दिवशी भामाबाईचा दुसरा अर्ज आला : गतिरोधक एक इंच वाढवून मिळावा. म्हणजे नवे सिमेंट, म्हणजे आणखी एकवीस दिवस. तोवर आळीतल्या बाकीच्या बारा घरांना बारा पूर्वज आठवले होते. आज खालच्या आळीत तेरा गतिरोधक आहेत, दर तीन आठवड्यांनी ते एकेक इंच वाढतात, आणि तिथे पाणी मुबलक आहे. टँकर वेशीवर उभा आहे. पंचायतीची एवढी उंच वस्तू दुसरी नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल की सुरुवातीलाच ते अकरा गतिरोधक तासले असते तर? हा प्रश्न भामाबाईनेही मला विचारला, परवाच, पाचव्यावर धापा टाकत उभी असताना. पाचवा माझा आहे. माझ्या आईच्या नावाचा, सव्वीस इंचांचा. मी तिला म्हणालो, “काकी, आधी बाकीचे दहा तासू द्या. मग बघू.” ती खाली पाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तुझी आय माझे संग पान्याला यायची रं.” मग, माझ्या गतिरोधकाला पायऱ्या नसल्याने, हात टेकून उतरली.

तुम्ही हसत असाल तर हसा. पण एकदा उठून स्वतःच्या दाराबाहेर जा आणि तिथे तुमच्या नावाचे किती इंच आहेत आणि त्यावरून कोण हात टेकून उतरते आहे, ते मोजून मला कळवा. तक्ता आखून तयार आहे. तुमचा रकाना तेवढा रिकामा आहे.