तीन थेंब तेल

सहा वर्षं जे टाळलं ते त्या रविवारी उरकून टाकायचं, असं मी ठरवलं. घरदुरुस्ती!

आमच्या घरात तीन गोष्टी बिघडलेल्या होत्या. (चौथा मी, असं ही म्हणते.) कपाटाचं दार उघडताना कण्हायचं, नळ टपटपायचा आणि वॉशिंग मशीन सुरू केलं की थडथडत निम्मी खोली चालून यायचं. सहा वर्षं ही मागे लागली होती, पण गेले तीन महिने अवाक्षर नाही! बायको ओरडते तोवर मला काळजी नसते. ती गप्प झाली की काळजी सुरू होते. त्यात त्या दिवशी मुलीची संगीताची शेवटची परीक्षा, आणि परीक्षक बाई चक्क आमच्या घरी येणार होत्या. मायलेकी जास्तीच्या खुर्च्या आणायला मामाकडे गेल्या. म्हटलं, हीच वेळ. पाहुण्यांसमोर शोभा नको.

बिजागऱ्यांना तीन थेंब तेल पाजलं. नळाचा वायसर बदलला. मशीनच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. घर असं चिडीचूप झालं की मी स्वतःचीच पाठ थोपटली.

मायलेकी परत आल्या. मुलीने कपाट उघडलं आणि जागच्या जागी थिजली.

"बाबा, दार वाजत का नाहीये?"

"तेल घातलं!" मी छाती काढून म्हणालो. "नळही बघ. मशीनही!"

"अहो बाबा, ती माझी वाद्यं होती!"

तिने म्हणे मला रोज जेवताना समजावलं होतं. घरातल्या वस्तूंचं संगीत. फासा टाकायचा, ज्याचा आकडा पडेल ते वाजवायचं, चार-पाच पडले तर पुन्हा टाकायचा, आणि सहा पडला तर मिनिटभर नुसती शांतता. मी दर वेळी "वा, वा" म्हणालो होतो. (मी ऑफिसात आवक-जावक बघतो. आवक होते, जावक होते, मधे काही राहत नाही.)

"म्हणून मी तीन महिने तोंड दाबून बसले," ही कडाडली, "आणि तुम्हाला आजच हुरूप आला?"

मुलीचे डोळे भरले. चार वर्षांची तिची मेहनत, आणि मी ती एका सकाळीत घालवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुरुस्ती परत बिघडवायला धावलो, तर बेल वाजली.

परीक्षक बाईंनी वही उघडली. मुलीने फासा टाकला. एक. कपाट उघडलं, काही नाही. दोन. नळाचा एक थेंब पडेल तर शपथ. तीन. मशीन झोपलेल्या मांजरासारखं गुरगुरलं.

"तुम्हाला सगळे सहाच पडतायत का?" बाईंनी विचारलं.

मला ते बघवेना. हळूच सटकावं म्हणून उठलो.

कटाड्!

माझा उजवा गुडघा. घाबरून खाली बसलो, तर डाव्याने उत्तर दिलं. बाईंचं पेन थांबलं. "हे काय होतं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. जुनी वस्तू टाकावी की ठेवावी हे ठरवताना तिची आई अशीच बघते.

"चौथं वाद्य," ती म्हणाली आणि फासा टाकला. "चार! बाबा, उठा."

पुढची वीस मिनिटं मी फाशाच्या हुकमाने उठाबशा काढल्या. सहा पडला की अर्धवट वाकून मिनिटभर स्तब्ध! "काय ताण आहे हो या शांततेत!" बाई भारावून म्हणाल्या. होताच. मांडीत होता.

मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. तिने धावत येऊन मिठी मारली तेव्हा मलाही रडू आलं. (थोडं गुडघ्यांमुळेही.)

संध्याकाळी गुडघे इतके ठणकायला लागले की मी हिच्याकडे तेलाची बाटली मागितली. हिने आणलीही, पण मुलीने मधेच हिसकावून कपाटात ठेवली.

"पुढच्या महिन्यात कार्यक्रम ठरलाय. तोवर गुडघ्यांना तेल नाही!"

"सहा वर्षं घर तसंच चाललं ना?" ही म्हणाली. "तुम्ही एक महिना चालाल."

दोघी स्वयंपाकघरात गेल्या. मी विचार केला, कपाट आता वाजत नाही, बाटली काढली तर कोणाला कळणारही नाही. श्वास रोखून, अगदी सावकाश उठलो.

कटाड्!

"बाबा," आतून आवाज आला, "बसा खाली."